थोर शस्त्रवैद्य डॉ. हार्वे कुशिंग

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र देण्याची पद्धत आहे. जिजामाता झाल्या, अहिल्यादेवी झाल्या, सावित्रीबाई झाल्या. यंदा लिहिण्याची पाळी माझ्यावर आली. मी एका अमेरिकन डॉक्टरांचे नाव सांगितले, तेव्हा सभेत बऱ्याच भगिनी हसल्या. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले. मेंदूच्या डॉक्टरांचे चरित्र मी काय लिहिणार, असे त्यांना वाटले असेल तर त्यात त्यांची चूक नाही. माझा भाचा नांदेडलाच डॉक्टरकीचे शिक्षण घेत आहे. त्याने पुस्तके पाहून सांगितले, मी वहीत उतरवून घेतले, आणि जे मला नीट समजले तेवढेच येथे लिहीत आहे.

हेच नाव का घेतले, ते आधी सांगितले पाहिजे. माझ्या धाकट्या वन्सं लातूरला दिलेल्या आहेत. त्यांची मुलगी चार वर्षांची असताना एकाएकी अंगाने भरू लागली. तोंड पुनवेच्या चंद्रासारखे वाटोळे झाले, गाल लाल झाले, पोट सुटले. लेकराने छान बाळसे धरले म्हणून आम्ही सगळ्यांनी कौतुक केले. दिवाळीला ती मंडळी नांदेडला आली, तेव्हा मी चार बायकांत वन्संना म्हटले की लेकराच्या ताटात तूप जरा हात राखून वाढत जा. वन्सं काही बोलल्या नाहीत. पुढे मुलीच्या गालावर, पाठीवर काळी लव दिसू लागली. मग कौतुक संपले आणि कुजबूज सुरू झाली. कोणी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, कोणी डाळीच्या पिठाने अंग चोळायला सांगितले, कोणी आईच्या डोहाळ्यांना बोल लावला. त्या कुजबुजणाऱ्यांत मीही होते.

शेवटी एका मोठ्या डॉक्टरांनी हा कुशिंगचा आजार आहे असे निदान केले. मला वाटले, कुशीचा आजार म्हणजे आईच्या कुशीतच काही दोष. मी लगेच वन्संकडे पाहिले. ते पाहणे त्यांना समजले, आणि त्यांना समजले हे मलाही समजले. कुशिंग हे एका माणसाचे आडनाव आहे, हे पुढे भाच्याने सांगितले. तेव्हापासून त्या माणसाची माहिती करून घ्यावी असे माझ्या मनात होते.

हार्वे कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात क्लीव्हलंड या गावी झाला. दहा भावंडांत ते शेंडेफळ. वडील डॉक्टर, आजोबा डॉक्टर, पणजोबाही डॉक्टर. घरात शिस्त फार कडक होती. येल येथील कॉलेजातून ते १८९१ साली पदवीधर झाले. तेथे त्यांना चेंडूफळीसारख्या बेसबॉल नावाच्या खेळाचा मोठा नाद होता. १८९५ साली हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेतून ते डॉक्टर होऊन बाहेर पडले.

विद्यार्थिदशेतील एक प्रसंग त्यांना जन्मभर विसरता आला नाही. त्या काळी भूल देण्याचे काम सरसकट विद्यार्थ्यांवर सोपवीत. ईथर नावाचे औषध फडक्यावर ओतून रोग्याच्या नाकाशी धरावयाचे, त्याचे वेगळे शिक्षण असे काही नसे. कुशिंग भूल देत असता एक रोगी दगावला. वरच्या मंडळींनी असे प्रकार होतच असतात म्हणून त्यांची समजूत घातली. पण या मुलाच्या मनाने ते घेतले नाही. डॉक्टरकीच सोडून द्यावी इथवर विचार गेला म्हणतात. मग त्यांनी आणि कॉडमन नावाच्या त्यांच्या सोबत्याने एक कागद आखला. भूल चालू असता रोग्याची नाडी किती, श्वास किती, हे ठराविक वेळाने त्या कागदावर मांडावयाचे. भूल चांगली कोण देतो, याची दोघांत जेवणाची पैजही लागली होती. आज जगातील कोणत्याही इस्पितळात शस्त्रक्रिया चालू असताना असा तक्ता ठेवतात, त्याची सुरुवात या दोन पोरांनी केली.

पुढे १८९६ साली ते बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात हाल्स्टेड नावाच्या नामांकित सर्जनांच्या हाताखाली लागले. हाल्स्टेड यांचा हात फार हळुवार होता. घाई करायची नाही, रक्त वाया जाऊ द्यायचे नाही, हे कुशिंग त्यांच्याकडून शिकले. १९०० साली ते युरोपात गेले. स्वित्झर्लंडात बर्न येथे गलगंडाच्या शस्त्रक्रियेसाठी प्रसिद्ध असलेल्या कोखर यांच्याकडे त्यांनी काम केले. नंतर १९०१ साली इटलीत पाव्हिया या गावी त्यांनी एक नवलाची वस्तू पाहिली. दंडाला रबरी पट्टा बांधून, त्यात हवा भरून रक्ताचा दाब मोजण्याचे ते साधन रिव्हा-रॉची या डॉक्टरांनी काढले होते. कुशिंगांनी ते अमेरिकेत नेले आणि शस्त्रक्रियेच्या खोलीत वापरावयास लावले.

आपल्या मंडळात दर दुसऱ्या बाईला बी.पी.ची गोळी चालू आहे, तेव्हा हा पट्टा काही कोणाला नवा नाही. पण चार वर्षांच्या लेकराच्या दंडाला तो बांधलेला मी कधी पाहिला नव्हता. लहान मुलांसाठी अरुंद पट्टा वेगळा मिळतो, हेही ठाऊक नव्हते. आमच्या मुलीला बाळसे आले म्हणून सहा महिने आम्ही मिरवत होतो, आणि तो लहान पट्टा बांधला तेव्हा तिचा दाब मोठ्या माणसाहून अधिक निघाला.

१९०२ साली कुशिंगांचा विवाह कॅथरिन क्रोवेल या त्यांच्याच गावच्या मुलीशी झाला. अनेक वर्षांची ओळख, पण शिक्षण आणि उमेदवारी संपेपर्यंत लग्न लांबले होते. त्यांना पाच मुले झाली, दोन मुलगे व तीन मुली. नवरा पहाटेपासून रात्रीपर्यंत इस्पितळात, रात्री घरी आला की लिहिण्याच्या टेबलाशी. पाचही लेकरे या बाईंनी जवळजवळ एकटीनेच वाढविली. कुशिंगांच्या चरित्रग्रंथांत बाईंना जागा थोडी मिळते. मला विचाराल तर अर्धे चरित्र त्यांचेच आहे.

त्या काळी डोक्याची कवटी उघडणे म्हणजे मरणाला आमंत्रण समजत. मेंदूत गाठ असलेला रोगी टेबलावर घेतला तर बहुधा तो उठत नसे. कुशिंगांनी हेच काम हाती घेतले आणि जन्मभर दुसरे केले नाही. रक्त थांबविण्यासाठी चांदीच्या तारेचे बारीक चिमटे त्यांनी वापरात आणले. पुढे १९२६ साली बोव्ही नावाच्या शास्त्रज्ञाच्या मदतीने विजेच्या साधनाने रक्तवाहिन्या बंद करण्याची युक्ती काढली. त्यांच्या हातून दगावणाऱ्यांचे प्रमाण शेवटी शेकडा दहाच्या आसपास आले. एकेक शस्त्रक्रिया कित्येक तास चाले. संपल्यावर ते स्वतः बसून जे पाहिले त्याचे चित्र काढीत, आणि चित्रकला त्यांना उत्तम येत होती. स्वभाव मात्र जमदग्नीचा. हाताखालच्या डॉक्टरांना व परिचारिकांना ते फार टोचून बोलत. रोग्याशी मऊ आणि घरच्या माणसांशी कडक, असे पुरुष आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे चरित्र लिहावयास घेतले तिच्याकडे येते. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिला पीयूषिका म्हणतात. शरीरातील दुसऱ्या ग्रंथींना हुकूम सोडणारी ही मुख्य ग्रंथी. कुशिंगांचे लक्ष तिच्याकडे लागले होते. १९१० साली त्यांच्याकडे एक तेवीस वर्षांची मुलगी आली. ती रशियातून आलेल्या यहुदी कुटुंबातील होती. ग्रंथात तिचे नाव मिनी असे आहे. मूर्ती बुटकी, तोंड वाटोळे, धड फुगलेले पण हातपाय बारीक. पोटावर जांभळे चरे, अंगावर केस, पाठीला बाक, आणि सोळाव्या वर्षीच पाळी बंद झालेली. सोबत डोकेदुखी आणि रक्ताचा दाब. अशा बाईला लोक काय म्हणत असतील, ते सांगावयास नको. कुशिंगांनी तिला बसवून तिची सर्व हकीकत विचारली, तिचे वर्ष-दीड वर्षाने कसे रूप पालटत गेले ते लिहून घेतले, छायाचित्र काढले, आणि १९१२ साली पीयूषिका ग्रंथीवरील आपल्या ग्रंथात तिची हकीकत छापली. मूळ दोष कोणत्या ग्रंथीचा, ते त्या वेळी त्यांना ठरविता आले नाही. तसे त्यांनी प्रांजळपणे लिहून ठेवले आणि प्रश्न वीस वर्षे मनात वागविला.

येथे दुसऱ्या एका ग्रंथीची ओळख करून दिली पाहिजे. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपी ठेवल्यासारखी एकेक लहान ग्रंथी असते. तिला अधिवृक्क म्हणतात, डॉक्टर अ‍ॅड्रिनल म्हणतात. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम, पण कामे मोठी. कॉर्टिसॉल नावाचा रस तीच सोडते. तो असला तरच माणूस ताप, उपास, धक्का सोसू शकतो. मिठाचे प्रमाण राखणारा रस तिचाच, आणि भीती वाटली की छाती धडधडवणारा रसही तिचाच. शिवाय पुरुषी गुणाचा थोडा रस ती स्त्रियांतही सोडते. या ग्रंथीत गाठ झाली आणि ती गाठ स्वतःच रस ओतू लागली, म्हणजे मग हुकूम देणाऱ्या पीयूषिकेचे काही चालत नाही. कॉर्टिसॉल जास्त झाला की मिनीसारखे रूप येते. पुरुषी रस जास्त झाला की चार-पाच वर्षांच्या लेकराला तारुण्याची चिन्हे दिसू लागतात. केस, पुरळ, घामाला वास, आवाज जाड होणे ही ती चिन्हे. छाती धडधडवणारा रस जास्त झाला की डोके ठणकते, दरदरून घाम सुटतो आणि दाब चढतो.

लहान मुलांतील हा प्रकार कुशिंगांच्या आधीही काही वैद्यांच्या पाहण्यात आला होता. लंडनच्या बुलक आणि सिक्वेरा या दोघांनी १९०५ साली अशा मुलींच्या हकीकती एकत्र करून छापल्या. वय लहान, पण शरीर वाढलेल्या बाईसारखे झालेले, आणि मृत्यूनंतर पाहिले तर अधिवृक्कात गाठ. तेव्हा निदान बहुधा मेल्यावरच होई.

आता हे दुखणे फारच क्वचित होते, हे सांगितले पाहिजे, नाहीतर हे वाचून प्रत्येक गुबगुबीत लेकराची आई घाबरायची. दहा लाख मुलांत वर्षाला एखाद्याला अधिवृक्काचा कर्करोग होतो, असेही नाही, त्याहून कमीच. पण सात वर्षांच्या आतील मुलाला कुशिंगचे रूप आले आणि ते बाहेरच्या औषधाने आलेले नसेल, तर दोष बहुधा अधिवृक्कातच असतो. त्याहून मोठ्या मुलांत बहुधा पीयूषिकेत असतो. खाऊन लठ्ठ झालेले मूल आणि या आजाराचे मूल यांत ओळखण्यासारखा एक फरक आहे. खाऊन लठ्ठ झालेले मूल उंचीनेही वाढते, पुष्कळदा बरोबरीच्या मुलांपेक्षा उंच दिसते. कॉर्टिसॉलने फुगलेले मूल जाडीने वाढते आणि उंचीने थांबते.

आमच्या घरी हा फरक वन्संच्या यजमानांच्या लक्षात आला. ते शाळामास्तर. मुलांच्या वाढदिवशी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे करावयाचे आणि डोक्यावर पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहावयाची, ही त्यांची सवय. त्या वर्षी रेघ ओढावयास गेले तर पेन्सिल मागच्याच रेघेवर पडली. फ्रॉक मात्र दोनदा उसवून सैल करावा लागला होता. त्यांनी चौकटीचा फोटो काढून डॉक्टरांना दाखविला, आणि त्यानंतरच पुढच्या तपासण्या झाल्या. चोवीस तासांची लघवी जमवून कॉर्टिसॉल पाहिले, रात्रीचे रक्त पाहिले, मग पोटाचा सी.टी. स्कॅन झाला. डाव्या अधिवृक्कात लिंबाएवढी गाठ होती.

पुन्हा कुशिंगांकडे वळते. १९१२ साली ते बोस्टन शहरी हार्वर्डच्या पीटर बेंट ब्रिगहॅम इस्पितळात मुख्य सर्जन म्हणून गेले. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्सच्या रणभूमीवर होते. डोक्यात गोळ्यांचे, तोफेच्या गोळ्यांचे तुकडे घुसलेले जवान त्यांच्यापुढे रांगेने येत, आणि ते लोहचुंबक लावून तुकडे ओढून काढीत. बाल्टिमोरला सर विल्यम ऑस्लर हे मोठे वैद्य त्यांचे शेजारी होते व त्यांना वडिलांच्या ठिकाणी होते. ऑस्लरांचा एकुलता एक मुलगा रेव्हिअर १९१७ साली बेल्जममधील ईप्र येथील लढाईत जखमी झाला. कुशिंगांना रातोरात बोलावणे गेले. ते पोचले, पण मुलगा वाचला नाही. त्याच्या दफनालाही ते उभे होते. पुढे ऑस्लरांच्या पत्नीच्या इच्छेवरून त्यांनी ऑस्लरांचे मोठे चरित्र लिहिले. १९२६ साली त्या ग्रंथाला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

आणि त्याच १९२६ च्या जून महिन्यात त्यांचा स्वतःचा थोरला मुलगा विल्यम मोटारीच्या अपघातात गेला. येलमध्ये शिकत होता. बातमी सकाळी आली तेव्हा त्या दिवशीची शस्त्रक्रिया ठरलेली होती. कुशिंगांनी पत्नीला कळविले, इस्पितळात गेले, शस्त्रक्रिया पुरी केली, आणि मग हाताखालच्या माणसांना सांगितले. भाचा हे सांगताना मोठ्या आदराने सांगत होता. मला मात्र घरी एकट्या बसलेल्या कॅथरिनबाईच दिसत राहिल्या. टेबलावरच्या रोग्याचा काय दोष, हेही खरेच आहे.

१५ एप्रिल १९३१ रोजी त्यांनी मेंदूतील गाठीची दोन हजारावी शस्त्रक्रिया केली. १९३२ साली, वीस वर्षे जपलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी जाहीर केले. मिनीसारखे बारा रोगी त्यांनी जमविले. काही स्वतःचे, काही इतरांनी लिहून ठेवलेले. पीयूषिकेतील एका अगदी बारीक गाठीमुळे हे सर्व घडते, असे त्यांनी दाखविले. त्यावरून या आजाराला त्यांचे नाव मिळाले. पुढे असे सिद्ध झाले की पीयूषिका निर्दोष असली तरी अधिवृक्काची गाठ एकटीच हुबेहूब तेच रूप आणू शकते. म्हणजे कुशिंगांना अर्धी गोष्ट सापडली होती. पण रूप ओळखणे, हे सगळे दोष एकाच दुखण्याचे आहेत असे म्हणणे, हे त्यांचे. ते झाले नसते तर जाडी वेगळी, केस वेगळे, दाब वेगळा, अशी औषधे देत बसले असते.

कॉर्टिसॉलसारखे औषध कारखान्यात तयार होऊन रोग्यांना मिळू लागले ते कुशिंगांच्या मागून. त्या शोधासाठी केंडल, राइश्टाइन आणि हेंच यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. या औषधांना आपण स्टेरॉइड म्हणतो. दमा, सांधेवात, काही त्वचारोग यांत ती जीव वाचवितात. पण आज कुशिंगचे रूप सर्वांत जास्त येते ते याच गोळ्या, इंजेक्शने आणि मलमे मनाने घेतल्यामुळे. गुडघेदुखीवर दुकानातून मागून आणलेली पांढरी गोळी, गोरे होण्याचे मलम, बाळाच्या लंगोटीच्या पुरळावर महिनोन्‌महिने लावलेली ट्यूब, ही सगळी त्याच जातीची असू शकतात. म्हणून लेकराचे तोंड फुगले तर डॉक्टर आधी घरातील सर्व औषधे पिशवीत घालून आणावयास सांगतात. आणि बरेच दिवस घेतलेली अशी गोळी एकदम बंदही करू नये, कारण तोवर आपली ग्रंथी झोपी गेलेली असते.

आमच्या मुलीचेही तसेच झाले. गाठ ग्रंथीसकट काढली. गाठीच्या जोरापुढे उजवीकडची चांगली ग्रंथी निजून गेली होती. म्हणून जो रस जास्त झाला म्हणून शस्त्रक्रिया केली, त्याच रसाची गोळी नंतर वर्षभर द्यावी लागली, हळूहळू कमी करत. ताप आला, उलट्या झाल्या तर मात्रा वाढवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा, असा कागद वन्संनी फ्रिजवर चिकटवला होता. तेव्हा मी दोन महिने लातूरला राहिले. कशासाठी आले ते मी बोलले नाही, त्यांनी विचारले नाही. घड्याळ लावून पहाटेची गोळी मीच देत असे. चौथ्या-पाचव्या महिन्यात तोंड उतरले, लव झडली, आणि आठव्या महिन्यात चौकटीवर नवी रेघ पडली.

१९३२ साली वयोमर्यादेमुळे कुशिंग हार्वर्डहून निवृत्त झाले आणि येलमध्ये प्राध्यापक म्हणून गेले. पायांच्या दुखण्याने त्यांना चालणे कठीण झाले होते, आणि सिगारेटी मात्र सुटल्या नव्हत्या. ७ ऑक्टोबर १९३९ रोजी न्यू हेवन येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. नंतर तपासले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या मेंदूतही एक लहानशी निरुपद्रवी गाठ निघाली.

शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रोग्याने दर वर्षी त्याच तारखेला आपली खुशाली पत्राने कळवावी, असा त्यांचा आग्रह असे. अशी पत्रे, हजारो छायाचित्रे आणि काचेच्या बरण्यांत जतन केलेले मेंदू त्यांनी जमविले होते. त्यांच्यामागे हा संग्रह अनेक वर्षे येलमध्ये एका वसतिगृहाच्या तळघरात धूळ खात पडला होता. २०१० साली तो नीट लावून तेथील वैद्यकीय ग्रंथालयात लोकांना पाहण्यासाठी खुला करण्यात आला. भाच्याने त्यातील काही छायाचित्रे मोबाइलवर दाखविली. त्यांत लहान मुलेही आहेत, डोक्याला पट्ट्या बांधलेली, कॅमेऱ्याकडे सरळ पाहणारी.

आमची मुलगी आता नववीत आहे. दर सहा महिन्यांनी तपासणी असते. पत्रे लिहिण्याचे हे ऐकून तिने मला शस्त्रक्रियेच्या तारखेला दर वर्षी कार्ड पाठवावयास सुरुवात केली आहे. त्यात उंची लिहिलेली असते, वजन लिहीत नाही.